पाऊणची पाठ

माझ्या आत्याला कामावर कोणी नावाने हाक मारत नसे. ती पाऊण आणि तिची जोडीदारीण सव्वा. एक माझ्या खांद्याला लागेल एवढी, दुसरी दारातून आत येताना मान वाकवणारी. हॉटेलच्या लाँड्रीतला कुणी टवाळ केव्हातरी म्हणाला, "ही पाऊण, ती सव्वा, दोघी मिळून बरोब्बर दोन," आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. ऑफिसातल्या बाईसुद्धा "पाऊण आली का?" असंच विचारायच्या. आत्याला त्याचं वाईट वाटत नसे. "खरं नाव काय, आईबापांनी न बघताच ठेवलं," ती म्हणायची. "हे लोकांनी बघून ठेवलंय."

लाँड्री हॉटेलच्या तळघरात होती. एका भिंतीला धुण्याची भलीमोठी यंत्रं, समोर ड्रायर आणि मधोमध इस्त्रीचा लांबलचक रोलर. एका बाजूने दमट चादर आत जायची, दुसऱ्या बाजूने कडक आणि गरम होऊन बाहेर यायची. तिथे या दोघी उभ्या असत. दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या. चादर ताणायची, झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि घडी देऊन पुन्हा मागे सरायचं. लहानपणी मी एकदा सुट्टीत तिथे गेले होते, तेव्हा मला वाटलं होतं की या दोघी नाचताहेत आणि त्याचेच त्यांना पैसे मिळतात.

यंत्रांच्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्या चादरीतून बोलायच्या. एक हिसका म्हणजे सुपरवायझर येतोय. दोन हिसके म्हणजे मागे बघ, गंमत आहे. आणि हलका, लांबवलेला ताण म्हणजे दमले गं. बायका गप्पा मारायला काय काय शोधून काढतील, नेम नाही.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या डाव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. छाती काढली, मग औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. माझे आईवडील तोवर गेले होते, घरात आम्ही दोघीच. मी रडून रडून अर्धी झाले आणि ही बया ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन मला म्हणते, "डावीकडून हलकी झाले गं. आता वाकडी चालले तर उजवीकडून धर." परत कामावर गेली त्या दिवशी सव्वाने रोलरच्या तोंडाशी तिची जागा झाडून पुसून ठेवली होती. मधल्या काळात दुसऱ्या कुणाला म्हणून तिने तिथे कायमचं उभं राहू दिलं नव्हतं.

पाच वर्षं सरली. डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा येऊन दाखवत जा. एक-दोनदा ती गेली, मग जाईनाशी झाली. "भाडेकरू घर सोडून गेला," ती म्हणाली, "आता रिकाम्या खोलीचं दार कशाला ठोठावायचं?" ऐकायला झकास वाटतं. मलाही झकास वाटलं होतं.

आता 'गाठोडं' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन ठेपलं. ओल्या कपड्यांनी तिथल्या सगळ्यांच्या पाठींची वाट लागलेली असते. कामाची पाळी संपली की दोघी-दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहतात, कोपरात कोपर अडकवतात आणि एकीने पुढे वाकून दुसरीला गाठोड्यासारखं पाठीवर उचलून घ्यायचं. वरची आडवी लटकते, पाय हवेत, एक हलका हेलकावा, आणि मणक्यांतून टक टक टक आवाज येतो. मग खाली उतरायचं, "सुटले बाई" म्हणायचं आणि घरी जायचं. सव्वा आत्याला सहज उचलायची. आत्याची उचलायची वेळ आली की ती साबणाच्या पालथ्या डब्यावर चढायची, तरी सव्वाचे पाय जमिनीवरून सुटायचे नाहीत. सगळी लाँड्री हसायची. त्या तळघरात हेच औषध होतं आणि त्याने कुणाचं कधी वाईट झालं नव्हतं.

मग आत्याची पाठ कुरकुरायला लागली. हा तिचाच शब्द. 'दुखतंय' हे क्रियापद तिने आयुष्यात स्वतःसाठी वापरलं नाही. छाती काढली तेव्हाही ती "जरा ओढल्यासारखं होतंय" म्हणाली होती. दुखणं अंगावर काढण्याचं बक्षीस असतं तर आमच्या कपाटात जागा पुरली नसती. मी मलम आणलं, शेकायची पिशवी आणली. "लाँड्रीतली पाठ आहे, कुरकुरणारच," ती म्हणाली, आणि मला ते इतकं खरं वाटलं की पुढे विचारायचं सुचलंच नाही. तिच्या पाठीला कारण होतं ना! कारण समोर उभं असलं की माणूस त्याच्या मागे कोण लपलंय ते बघत नाही.

सव्वाने मात्र ओळखलं होतं. एका सकाळी बसस्टॉपवर मला गाठून तिने सांगितलं, "तुझ्या आत्याची ओढ कमी झालीय गं."

"म्हणजे?"

"चादर सैल येते मला. आणि घडी घालायला पुढे येते ना, तेव्हा टेबलाला कंबर टेकवते. दोनदा तर पाय अडखळला. फरशीवर काहीसुद्धा नव्हतं."

मी घरी आत्याला विचारलं. तिने ताकास तूर लागू दिली नाही. "सव्वाला वरून सगळंच वाकडं दिसतं," म्हणाली आणि हसली.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर दाराशी हॉटेलची गाडी, आणि आत आत्या पलंगावर उताणी पडलेली, शेजारी सव्वा. पाळी संपल्यावर आत्या आपण होऊन म्हणाली होती, "चल, गाठोडं कर." सव्वाने उचललं. हेलकावा दिला. आवाज आला, पण नेहमीचा टक टक नव्हे. "ओली काठी मोडावी तसा," सव्वा मला सांगत होती आणि सांगताना स्वतःचे दोन्ही दंड घट्ट धरून होती. आत्या ओरडलीसुद्धा नाही. खाली उतरली ती उभी राहिलीच नाही.

सगळ्या म्हणाल्या, चमक भरली. तिला घड्या घालायच्या टेबलावर पालथं निजवलं, रोलरमधून गरम गरम टॉवेल काढून पाठीवर ठेवले, एकीने तेल चोळलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण त्यांना तरी काय माहीत? मला तरी काय माहीत होतं? मीही म्हटलं, आज विश्रांती घे, उद्या बघू. आत्या म्हणाली, "हो, उद्या." तिचे पाय पांघरुणाखाली होते. ते हलत नाहीत, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती छताकडे बघत पडली होती. "रात्रीपासून लघवीला झालेली नाही," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, दुधाची पिशवी फाटली सांगावं तशी, म्हणाली, "आणि कमरेखाली काही कळत नाहीये."

माझ्या हातातला कप तिच्या पायावर पडला. गरम चहा. तिने पाय ओढून घेतला नाही. तिला कळलंच नाही! मी त्या पायाकडे बघत राहिले. चहा चादरीत पसरत गेला आणि ती मला विचारत होती, "काय गं, काय सांडलं?"

हॉस्पिटलमध्ये तिला त्या मोठ्या नळीसारख्या यंत्रात घालून पाठीचे फोटो काढले. सव्वा कामावरून तशीच एप्रनवर धावत आली होती. डॉक्टर बाहेर आले. वयाने फार नव्हते, पण आवाज थकलेला होता. म्हणाले, "पाठीच्या मधला एक मणका मोडून बसलाय. त्याचा मज्जारज्जूवर दाब आलाय, म्हणून पाय गेलेत. उचलताना भार आला आणि तो मोडला."

सव्वाने एवढंच ऐकलं. भिंतीला धरत धरत ती जिन्याकडे निघाली. मी हाक मारली, पण ती थांबली नाही. पुढचं वाक्य तिने ऐकलंच नाही. ते मी एकटीने ऐकलं.

"पण तो मणका चांगला नव्हताच," डॉक्टर म्हणाले. "आतून पोखरलेला होता. यांना पूर्वी छातीचा कॅन्सर झाला होता ना? तोच आहे हा."

 मी भांडायलाच लागले. मी तोंडाची फटकळ आहे, आणि घाबरले की जास्तच. "काय बोलताय तुम्ही? छाती काढलीय तिची! अख्खी काढलीय! जी वस्तू अंगावर नाही, तिचा रोग पाठीत कसा असेल?"

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसले. गाठ काढायच्या आधीच तिच्यातल्या काही पेशी सुटून रक्तात उतरल्या असणार, ते म्हणाले. रक्त सगळीकडे फिरतं, पण कणा त्यांना मानवतो. मणक्यांच्या आत मऊ मगज असतो, तिथे रक्ताची ये-जा पुष्कळ, राहायला, खायला सगळी सोय. तिथे त्या गुपचूप पडून राहतात, कधी कधी कित्येक वर्षं, कसल्याही तपासणीत दिसत नाहीत. मग एक दिवस जाग्या होतात. हा पाठीत नव्याने झालेला हाडाचा कॅन्सर नाही, छातीचाच आहे, फक्त पत्ता बदललाय.

"पण पेशी हाड कशी खाते? हाड म्हणजे दगड!"

"दगड नाही. जिवंत असतं. रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या, दोघींचं काम बरोबरीने चालतं. कॅन्सर स्वतः हाड फारसं खात नाही. तो मोडणाऱ्यांना चिथावतो, त्या बेसुमार मोडत सुटतात. आणि मोडलेल्या हाडातून जे झरतं, त्यावर कॅन्सर आणखी पोसतो."

म्हणजे आमच्याच घरचे गवंडी लावून आमचंच घर पाडलं, आणि त्या मातीवर हा माजला.  ही बाई रोज चादरी झटकत होती, विनोद करत होती, माझ्या डब्यात पोळ्या भरत होती आणि आत हे चाललं होतं! माझ्या डोळ्यांदेखत! मला इतका राग आला की बाकाची कड धरून बसावं लागलं. कुणाचा राग, ते मात्र ठरवता येईना.

"कामाच्या पाठदुखीला आडवं झालं की बरं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "ही दुखते ती आडवं झाल्यावर जास्त. रात्री उठवते. यांना झोप लागत होती का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती.

"पाय परत येतील का?"

"आज लगेच ऑपरेशन करतो. दाब काढतो, मणक्याला आधार देतो, मग किरणांची ट्रीटमेंट. पण पाय पूर्ण गेल्यावर जितका वेळ जातो, तितकं अवघड होतं. कालच आणलं असतं तर मी याहून बरं काही बोललो असतो."

काल. काल आम्ही तिला गरम टॉवेलने शेकत होतो.

पाय परत आले नाहीत. डाव्या अंगठ्याची थोडी हालचाल आली, तीही आत्या म्हणे "मूड असेल तर". दुखणं किरणांनी आणि गोळ्यांनी कमी झालं, दुसऱ्या गोळ्यांनी रोगाला लगाम घातला. किती दिवस, ते कुणी सांगेना आणि मी विचारीना. चाकाच्या खुर्चीतून ती घरी आली. न्हाणीघराचा उंबरठा मी फोडून काढला, पलंगाच्या कडेला बार बसवला. ती सगळ्यांशी हसायची, पण दार वाजलं की मान वळायची. सव्वा मात्र आली नाही. फोन उचलत नव्हती. लाँड्रीतून कळलं की तिने गाठोडं बंद केलंय, तिथे आता कुणीच कुणाला उचलत नाही, आणि रोलरच्या तोंडाशी ती एकटीच चादर टेबलावर पसरून घडी घालते.

"तिला आण," आत्या एका दुपारी म्हणाली. "ओढत आण हवी तर. मला तिला काहीतरी सांगायचंय."

मी गेले आणि खरंच जवळपास ओढतच आणली. वाटेत तिला डॉक्टरांचं उरलेलं वाक्य ऐकवलं: मणका आधीच पोखरलेला होता, नुसत्या शिंकेनेही मोडला असता. ती घरात आली, खुर्ची बघितली आणि दाराशीच थांबली.

"मी मोडलं तुला," ती म्हणाली.

"पोखरलेलं होतं. सांगितलं ना हिने?"

"पोखरलेलं का असेना! त्या दिवशी तू चालत आली होतीस. माझ्या पाठीवर चढलीस तोवर तुझे पाय तुझे होते."

आत्या मांडीवरच्या पांघरुणाची कड चिमटीत धरून दुमडत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"हेच. तोच परत आलाय हे. केव्हापासून रात्री आडवं होता येत नव्हतं, बसून काढायचे. पायांना मुंग्या यायच्या. लाँड्रीची पाठ अशी नसते गं, मला काय कळत नाही? मी म्हटलं, सव्वा उचलेल, टक टक होईल, आणि बरं वाटलं तर ती नुसती पाठच ठरेल. सगळ्यांना होतं तसं मलाही झालंय, असं होईल." तिने वर बघितलं. "मला ती पाठच हवी होती. म्हणून तुझ्याकडून उचलून घेतलं."

 रात्री बसून काढायची! त्या एका भिंतीपलीकडे! मी घोरत पडायचे आणि ही अंधारात बसलेली असायची, सकाळी उठून मला "झोप झाली का?" विचारायची!

सव्वाचा चेहरा लालबुंद झाला. "मेल्ये," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "तुला ठाऊक होतं आणि तू माझ्या पाठीवर चढलीस? माझ्या हातून करवून घेतलंस? रोज तो आवाज ऐकतेय मी! घास गिळताना ऐकतेय, चादर झटकताना ऐकतेय! आणि तू हसत होतीस माझ्याकडे बघून!"

"हो," आत्या म्हणाली.

"एका शब्दाने बोलली असतीस तर खांद्यावर घालून नेली असती मी तुला डॉक्टरकडे! चालत्या पायांची नेली असती!"

"हो," आत्या पुन्हा म्हणाली. यावर विनोद नव्हता तिच्याकडे.

सव्वा तरातरा बाल्कनीत गेली. मला वाटलं तिथे उभी राहून रडेल. पण ती दोरीवर वाळत घातलेली चादर ओढून घेऊन आली आणि दोन कोपरे आत्याच्या अंगावर फेकले. "धर."

"मी पुढे कशी येणार?"

"येऊ नकोस. दोघींचं मीच चालते."

आत्याने कोपरे धरले. चादर ताणली गेली. "पाऊणची आता अर्धी झाले गं," ती हळूच म्हणाली. "दोन कसे भरणार?"

"मग मी दीड होते. माझी आई म्हणायचीच, ही अजून वाढणार."

आत्याने चादर ओढली. हिसका नव्हे, हलका, लांबवलेला ताण. मला त्याचा अर्थ ठाऊक होता. सव्वाने उलट इतक्या जोरात ओढली की खुर्ची गडगडत पुढे गेली. ब्रेक लावायला मी विसरले होते. आत्या चादरीसकट जाऊन सव्वाच्या पोटावर आदळली. ती उंच बाई खाली गुडघ्यांवर बसली, तेव्हा कुठे दोघींची तोंडं एका पातळीत आली. तिने आत्याचे खांदे धरले. गदागदा हलवायला निघालेले हात मध्येच थबकले, आणि नुसतेच तिथे राहिले.

"आता काही झालं की आधी मला सांगायचं," सव्वा म्हणाली. "कुरकुरतंय नाही, ओढल्यासारखं नाही. नीट शब्दात."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. 

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय गं."

मी गोळ्या आणायला उठले.